पडदा नसलेली पेटी

सोमवार, ४ मार्च

प्रिय टिटवी,

पत्रावर हे नाव पाहून चिडशील. बाबांनी ठेवलेलं आहे, मी फक्त पुढे चालवते. पाळण्यात असताना तू सगळी गल्ली जागी ठेवायचीस. नंतर गप्प राहायला शिकलीस आणि त्यातही पहिला नंबर काढलास.

तुझा फोन झाल्यावर मी बराच वेळ खुर्चीत तशीच बसून होते. समोर तुझी चुलत बहीण पेटीचं झाकण उघडून आत कसल्याशा तारा जोडत होती. मी तिला इंजिनिअरबाई म्हणते, ती मला काकू म्हणते, आणि आम्हा दोघींना एकमेकींचं काय चुकतंय ते अगदी बरोबर दिसतं. तिने मान वर न करता विचारलं, "कुणाचा फोन, काकू?" मी म्हटलं, "कंपनीचा." खोटं नव्हतं ते. तू कंपनीच्याच कामासाठी केला होतास.

"आई, तू या वयात कंपनी काढलीस असं ऐकलं, खरं का?" हे तुझं पहिलं वाक्य. त्याआधी "कशी आहेस" नव्हतं, आणि मला ते बरंच वाटलं. "कशी आहेस"ला इतक्या वर्षांनी काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नसतं. कंपनीबद्दल मात्र मी कितीही बोलू शकते. बोललेही. तू दोनदा म्हणालीस, "आई, श्वास घे."

तू विचारलंस म्हणून नीट सांगते. आमची वाचनपेटी साधारण बुटांच्या खोक्याएवढी आहे. तिच्याखाली छापील कागद ठेवायचा, बटण दाबायचं, पेटी तो मोठ्याने वाचून दाखवते. पुढे तीन मोठी बटणं, बोटाला ओळखू येतील अशी. पडदा नाही, दिवा नाही. ज्यांच्यासाठी केली त्यांना दिसत नाही, मग दिवा कशाला, असं दुर्बिणीचं म्हणणं. दुर्बीण म्हणजे आमची तिसरी भागीदार. माझ्या अंधशाळेतली विद्यार्थिनी. हे नाव मी ठेवलेलं नाही. सहावीत असताना तिनेच वर्गात जाहीर केलं होतं, "बाई, या वर्गात सगळं आधी मलाच कळतं, तेव्हा मला दुर्बीण म्हणत चला." आता ती प्रोग्रॅम लिहिते. जन्मापासून दिसत नाही.

आमचं घोडं अडलंय ते एकाच जागी. पेटीच्या आत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची? मला हे प्रकरण इंजिनिअरबाईने चारदा समजावलं, पण कळलं ते माझं मलाच. आमच्या वसतिगृहाची मेट्रन आठवते का? आंघोळीला आधी कोण, कुठली खाट कुणाची, दूध कुणाला दोनदा मिळालं, सगळं तिच्या डोक्यात. पाहुण्यांना ती कधी दिसायची नाही. पण ती एक दिवस तापाने पडली तेव्हा शाळेची घंटासुद्धा वाजली नाही. पेटीतली सिस्टिम म्हणजे ती मेट्रन. कॅमेऱ्याला कधी उठवायचं, आवाजाला कधी बोलू द्यायचं, हे ती ठरवते. एकदा ठेवली की बदलणं जिवावर येतं, कारण सगळं घर तिच्या सवयीने चालायला लागतं.

तू म्हणालीस, तुमच्या कंपनीचा प्लॅटफॉर्म, म्हणजे आवाजासकट तयार सिस्टिम, नव्या उद्योगांना मिळतो, सांभाळायची कटकट नाही, आणि तू स्वतः आमची शिफारस करशील. मी लगेच हो म्हटलं. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत.

तू पाठवलेला आवाजाचा नमुना तिघींनी ऐकला. वर्तमानपत्रातली पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना तुमच्या त्या बाईने अशी काही वाचली की दुर्बीण म्हणाली, "आणखी दोन दिवस बंद ठेवा म्हणावं, पण पुन्हा वाचा." खरंच, यंत्राच्या तोंडून आपली भाषा इतकी मऊ निघते हे ऐकून मी थक्क झाले. आणि ते तुझ्या इमारतीत कुठेतरी घडलं म्हणून आणखीच.

तुझी,
आई

मंगळवार, १९ मार्च

प्रिय टिटवी,

तुमच्याकडचं पार्सल पोचलं. इंजिनिअरबाई म्हणाली, "काकू, यांचं नुसतं खोकं आपल्या पेटीपेक्षा देखणं आहे." ते तिने ठेवून घेतलंय, त्यात आता स्क्रू राहतात.

लांब टेबलावर दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवल्यात. डावीकडची तुझी, उजवीकडची आमची. (आमची असं लिहून गेले. अजून काही ठरलेलं नाही.) डावीत तुमचा प्लॅटफॉर्म, उजवीत ती सर्वांना खुली असलेली सिस्टिम, जी कुणीही घ्यावी, उघडावी, बदलावी.

सगळ्यांचं एकमत झालं का, असं तू विचारलंयस. झाल्यातच जमा आहे. चर्चा होते थोडीफार, ती व्हायलाच हवी. कालचीच सांगते.

इंजिनिअरबाई म्हणाली, "तीन बायकांची कंपनी. उद्या कुणी पेटीत घुसायची नवी वाट शोधली तर ती बुजवायला कोण बसणार? त्यांच्याकडे त्यासाठी मजलेच्या मजले भरून माणसं आहेत."

दुर्बीण म्हणाली, "मान्य. पण ती गोड बाई इंटरनेटवरून बोलते. इंटरनेट गेलं की तिचा घसा बसतो."

"आणि आपल्या बाईला मुळात घसाच नाही त्याचं काय?"

ते खरं आहे. उजवीकडच्या पेटीचा आवाज नाक चिमटीत धरून बोलल्यासारखा आहे. "शाळा" म्हणते तेव्हा कुणीतरी फरशीवरून पत्रा ओढतंय असं वाटतं.

मी मध्येच विचारलं, की मग सरळ मोबाइलवरच का नको, तो तर घरोघरी आहे? दुर्बीण म्हणाली, "बाई, माझ्या आजोबांना काचेवर बोट कुठे ठेवायचं ते सापडत नाही. ते अख्खी काच पुसतात, आणि फोन भलत्यालाच लागतो. परवा एका दंतवैद्याची वेळ घेऊन बसले. तोंडात एक दात नाही." तेव्हा मोबाइल बाद.

पण मला तुला सांगायचंय ते निराळंच. चर्चा झाल्यावर इंजिनिअरबाईने उजवीकडची पेटी तिच्या कॉम्प्युटरला जोडून सुरू केली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी खालून वर धावायला लागल्या, वाचता येणार नाहीत इतक्या भराभर. मी विचारलं, "ही सिस्टिम कुणाची?"

"कुणाची म्हणजे? कुणाचीच नाही. सगळ्यांची."

"अगं, पण बनवली कुणी?"

"हजारो लोकांनी. कुणी एक ओळ लिहिली, कुणी आयुष्य घातलं. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही."

"आणि आपल्याला देऊन टाकली?"

"कुणालाही दिली, काकू. आपल्याला अशी खास नाही."

लहानपणी मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेच्या सभागृहात सकाळी आम्ही सगळ्या मुली मिळून गायचो. गाणं शिकवणाऱ्या सिस्टर ओळींमधून फिरायच्या आणि एखाद्या मुलीजवळ थांबून म्हणायच्या, "मला तुझा आवाज वेगळा ऐकू आला, म्हणजे तू चुकलीस." आम्हाला फार राग यायचा. पण जमलं की असं जमायचं, की आवाज आमच्या गळ्यांतून येतोय असं वाटायचंच नाही. भिंतीच गायला लागल्यासारख्या. त्या ओळी वर सरकताना बघत होते आणि अंगावर तसाच काटा आला. इतकी माणसं, आणि एकाचाही आवाज वेगळा ऐकू येत नाही.

इंजिनिअरबाईने विचारलं, "काकू, रडताय?" मी म्हटलं, "डोळ्यांत पांढऱ्या ओळी गेल्या."

कराराचे कागद वाचते आहे. सही करून पाठवतेच.

तुझी,
आई

मंगळवार, २ एप्रिल

प्रिय टिटवी,

गुरुवारी आमच्याकडची वीज गेल्यामुळे तुमच्या पेटीत बिघाड झाला, असं मी तुला कळवलं. वीज गेली नव्हती. मी बंद केली होती.

दुर्बिणीच्या टेबलावर पडदा नसतो हे तुला माहीत नसणार. तिला तो लागतच नाही. पुढ्यात कीबोर्ड, कानात आवाज, आणि बोटं चालू. आमच्या जागेचे मालक पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "या ताई नुसत्याच बसून असतात का?" तिने ऐकलं. म्हणाली, "नाही हो, मनातल्या मनात टाइप करते."

गुरुवारी दुपारी दोघी जेवायला बाहेर गेल्या होत्या. मी आत आले तर टेबलावर दोन पेट्या. दिवा नाही, आवाज नाही, पडदा नाही. मला वाटलं, काम संपवून गेल्या आणि बटणं तशीच ठेवून गेल्या. वसतिगृहात इतकी वर्षं मी दुसरं केलं काय? रिकाम्या खोलीतली बटणं बंद केली. हात आपोआप भिंतीकडे गेला. बटण बंद करून, वर फडक्याने दोन्ही पेट्या पुसूनसुद्धा ठेवल्या.

दोन्ही पेट्यांत अपडेट चालू होतं. जुनं काढून नवं बसवायचं काम, ऐन मध्यावर.

दोघी परत आल्या. दुर्बिणीने कानात आवाज लावला आणि म्हणाली, "कुणी गेलं का? इतकी शांतता?" मग तिने भिंतीवरचं बटण चाचपलं. "हे कुणी बंद केलं?"

"मी," मी म्हटलं.

इंजिनिअरबाई मटकन खुर्चीत बसली. "काकू, अपडेट चालू होतं हो. अपडेट!"

दुर्बीण मात्र खो खो हसत सुटली. "ओरडू नकोस गं त्यांना. गिऱ्हाइकाकडे हेच होणार आहे. त्यांच्याही घरात कुणीतरी डोळस असेलच की."

मग बटण चालू केलं. तुझी पेटी आधी.

काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. ती गोड बाई गप्प. आम्ही वाट पाहिली. शेवटी इंजिनिअरबाई खालच्या छपाईच्या दुकानातून एक पडदा मागून घेऊन आली आणि तुझ्या पेटीला जोडला. तेव्हा दिसलं. छान निळा रंग, वळणदार अक्षरं, आणि मजकूर असा: "काहीतरी चुकलं. पुढे जाण्यासाठी पडद्यावरील सूचना पाहा."

"काय म्हणतेय?" दुर्बिणीने विचारलं. इंजिनिअरबाईने वाचून दाखवलं.

"कुणाला पाहा म्हणतेय?" दुर्बीण म्हणाली.

तिने टोमणा मारला नाही गं. खरंच विचारलं. आणि आम्ही दोघी डोळस माणसं एकमेकींकडे बघत राहिलो.

मग उजवीकडची पेटी सुरू केली. आधी तीही गप्प. माझ्या मनात आलं, दोन्ही माझ्याच हातून गेल्या. तेवढ्यात आतून बारीक टिक असं वाजलं, आणि तो नाकातला, पत्रा ओढल्यासारखा आवाज म्हणाला, "काम अर्धवट राहिलं आहे. जुन्या प्रतीवरून सुरू करत आहे. थांबा."

आम्ही थांबलो. मी तर श्वासही घेत नव्हते. आणि ती पेटी उठली. आपली आपण. नवं मोडलं तर परतायला जागा असावी म्हणून ती जुनी प्रत जपून ठेवते, तिच्यावर उठली आणि म्हणाली, "तयार."

मी दुर्बिणीला विचारलं, हे हिला कळतं कसं? ती म्हणाली, "वाक्यं मी घातली बाई, पण सोय माझी नाही. या सिस्टिमीत बाकी काही जागं व्हायच्या आधी आवाज जागा होऊ शकतो. कुणीतरी फार पूर्वी तसं करून ठेवलंय. त्यालाही दिसत नव्हतं म्हणतात. त्याचं मशीन बिघडलं की पडद्यावर काय आलंय ते वाचून दाखवायला त्याच्याही घरी कुणी नसेल."

कुठल्या देशातला कोण तो माणूस. अंधारात आपल्यापुरती वाट काढली असती तरी पुष्कळ झालं असतं. त्याने ती मागून येणाऱ्यांसाठी उघडी ठेवली. आणि तो मेला असेल, जिवंत असेल, त्याला आमची भाषा ठाऊकही नसेल, पण त्याच्यामुळे आमच्या खोलीतली एक पेटी "थांबा" म्हणाली.

इतक्या वर्षांत मी मुलांना पुष्कळ शिकवलं. असं काही समोर घडताना पाहिलं नव्हतं.

करारावर सही झालेली नाही. दोन आठवड्यांपूर्वीही झाली नव्हती. आणि तुला दिलेला होकार या दोघींना मी परवा सांगितला.

आई

मंगळवार, १६ एप्रिल

प्रिय टिटवी,

तुझा निरोप मिळाला. "ही त्रुटी दुरुस्त होऊ शकते. एका चुकीवरून प्लॅटफॉर्म नाकारत नाहीत. शिफारशीवर माझं नाव आहे, आई." तिन्ही वाक्यं खरी आहेत. तिसरं मी पुन्हा पुन्हा वाचलं.

आम्ही काल बसलो. इंजिनिअरबाईचं मत अजूनही तुझ्या बाजूचं. म्हणाली, "आवाज सुधारता येईल, संदेश बोलता करता येईल, पण पाठीशी उभी राहणारी माणसं आपण कुठून आणणार?" दुर्बिणीचं मत उलट. म्हणाली, "त्यांना सांगितलं तर ते करतील. पण सांगावं लागेल. पुढच्या वेळी आणखी काहीतरी निघेल, पुन्हा सांगावं लागेल. इथे ज्याला अडलं त्याने स्वतः केलंय, आणि मलाही करता येतं. मला कुणाच्या दारात उभं राहायचं नाही." मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. दुर्बिणीनेसुद्धा. तिचं पाहणं म्हणजे मान माझ्या दिशेला वळवून अगदी गप्प होणं. त्याची मला अजून भीती वाटते.

मी खुल्या सिस्टिमीच्या बाजूने मत दिलं.

आता हे लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. बाबा गेल्यावर तू माझ्यासाठी तुझ्या घरात खोली तयार केली होतीस. माझी उशी उंच लागते हे लक्षात ठेवून तशी आणली होतीस. शाळेचं वर्ष मध्यावर होतं, मुलं माझ्या हाताखाली पहिली अक्षरं बोटाने वाचायला लागली होती, आणि मी आले नाही. तू म्हणालीस, "मग राहा तिथेच." मी राहिले. आज तू पुन्हा काहीतरी हातात धरून पुढे केलंस, आणि मी पुन्हा नको म्हणते आहे.

फोनवर मी हो म्हटलं ते प्लॅटफॉर्मला नव्हतं. इतक्या वर्षांनी तुझा आवाज आला होता, त्याने काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पण पेटी माझी एकटीची नाही. ती ज्यांच्या घरी जाईल त्यांच्या घरी मी नसणार, तू नसणार. एखाद्या म्हाताऱ्या माणसाची पेटी बिघडेल, तेव्हा तिने त्याच्याशी बोललं पाहिजे. बाकी कशीही असो, बेसूर असो.

तुझ्या नावाला माझ्यामुळे कमीपणा आला तर त्याचं मला वाईट वाटेल. वाटतंयच. पण म्हणून मत फिरवता येत नाही. तू पुन्हा गप्प झालीस तर मी समजून घेईन असं लिहिणार होते. ते खरं नाही. समजून घेणार नाही. वाट पाहीन.

आई

रविवार, १२ मे

प्रिय टिटवी,

हे पत्र टाइप केलेलं आहे. पेटीला माझं अक्षर वाचता येत नाही. सिस्टर वळणदार अक्षरासाठी हातावर पट्टी मारायच्या, त्यांना हे कळलं असतं तर काय वाटलं असतं!

बुधवारी तू फोन केलास आणि मला म्हणालीस, "दुर्बिणीला दे." नुसतं एवढंच. या बाजूला काय झालं ते तुला कळलं नाही, म्हणून लिहिते. मी चहा करून आणला तो गार झाला. तुझं काही ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं. "हो, डिस्कच्या आधी." "नाही, नेटवर्क लागत नाही." "अहो, पण तुमच्याकडे त्या पायरीवर स्पीकर चालूच केलेला नसतो, तिथेच तर गोम आहे." मग ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही त्यांना असं विचारलंत? सगळ्यांसमोर?" आणि हसली. इंजिनिअरबाई हातातलं काम टाकून आली. कागद ओढला, चित्रं काढायला लागली, फोनमध्ये ओरडून सांगायला लागली. तू, ती आणि दुर्बीण, तिघी एकाच वेळी बोलत होतात आणि तिघींना तिघींचं कळत होतं. मी दाराशी उभी. एका शब्दाचा अर्थ लागत नव्हता आणि मला तिथून हलवत नव्हतं. माझ्या पोटची मुलगी आणि माझ्या हाताखालची मुलगी एकमेकींशी बोलतायत, आणि बोलतायत कशाबद्दल, तर बिघडलेल्या यंत्राने आधी तोंड कसं उघडावं.

फोन ठेवल्यावर दुर्बीण म्हणाली, "बाई, तुमच्या मुलीने त्यांच्या बैठकीत पडदे बंद करायला लावले. म्हणाली, आता सुरू करून दाखवा."

मला तू हे सांगितलं नाहीस. मला तू शेवटी एवढंच विचारलंस, "आई, तुमच्या पेटीला पुढे पाच-सात वर्षं अपडेट कोण देणार, याचा विचार केलायस?" मी म्हटलं, थोडा केलाय, पुरेसा नाही. इंजिनिअरबाई देईल, दुर्बीण देईल, ज्यांनी ती लिहिली त्यांच्यातलं कुणी देईल. तू म्हणालीस, "एवढ्यावर भागणार नाही." मग म्हणालीस, "एक पेटी मला पाठव. बघते."

म्हणून पाठवते आहे. अपडेट नवं आहे, जुनी प्रतही आत आहे. हे पत्र वरच ठेवलंय, पण डोळ्यांनी वाचू नकोस. इथवर वाचलं असलंस तर पुरे कर. पत्र पेटीखाली सपाट ठेव, घडी उलगडून. मधलं बटण दाब.

थोडा वेळ काहीच होणार नाही. बटण पुन्हा दाबू नकोस. पडदा शोधू नकोस, बघायला काही नाही. आवाज वाईट आहे, तो माझा नाही, तरी मी सांगितलेलंच बोलेल. तू फक्त खुर्ची ओढून जवळ बस आणि थांब.